ओंडक्यांचें घर आणि अस्सलपणाचा प्रश्न

(१)

जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या प्रत्येकास एक प्रश्न केव्हां ना केव्हां पडतोच. पोथीचीं कसर लागलेलीं पानें काढून त्यांच्या जागीं नवीं लिहून घातलीं, वरखालच्या फळ्या बदलल्या, बासन बदललें. तर ती पोथी जुनी म्हणावी कीं नवी? देवळाचें शिखर पडलें तें पुन्हां बांधलें, सभामंडपाचे खांब बदलले. तर तें देऊळ कोणत्या शतकांतील? या प्रश्नाचें उत्तर बहुधा ज्याच्या त्याच्या हौसेप्रमाणें दिलें जातें. वस्तु आपल्या संग्रहीं असली म्हणजे ती जुनी ठरते, व दुसऱ्याच्या संग्रहीं असली म्हणजे तिच्यांतील दुरुस्त्या डोळ्यांत भरूं लागतात. म्हणून या प्रश्नाचा विचार आपल्या मालकीच्या किंवा अभिमानाच्या वस्तूवरून न करितां, जिच्याविषयीं आपणांस ममत्व नाहीं अशा एखाद्या दूरच्या वस्तूवरून करणें बरें.

अशी एक वस्तु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं केंटकी संस्थानांत आहे. तेथें हॉजनव्हिल या गांवाजवळ ग्रॅनाइटच्या एका भव्य स्मारकमंदिराच्या गाभाऱ्यांत लांकडी ओंडक्यांची एक लहानशी झोंपडी ठेवलेली आहे. अमेरिकेचा अध्यक्ष अब्राहाम लिंकन याचा जन्म १८०९ सालच्या फेब्रुवारीच्या १२ व्या तारखेस याच झोंपडींत झाला, असें पुष्कळ वर्षें मानीत. आज तसें कोणी जाणता मनुष्य म्हणत नाहीं. हा पालट कसा झाला व त्यापासून आपण काय घ्यावें, हें सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे. परंतु अशीं घरें बांधतात कशीं व टिकवितात कशीं हें कळल्यावांचून तो वाद नीट कळणार नाहीं. म्हणून प्रथम तेंच सांगतों.

(२)

इंग्रजींत ज्यास ‘लॉग कॅबिन’ म्हणतात तें घर आपल्याकडील घराहून मुळांतच निराळें. आपल्याकडे घराचा भार खांबांवर असतो. खांबांवर तुळया, तुळयांच्या आधारानें छप्पर, आणि भिंत ही पुष्कळदां नुसता आडोसा. वाल्मीकीनें पंचवटींतील पर्णशालेचें वर्णन केलें आहे, तेथेंही लक्ष्मण माती रचितो, भक्कम खांब उभे करितो, लांब वेळूंचे वांसे घालतो, आणि शमीच्या फांद्या, कुश, काश व पानें यांनीं ती शाकारितो. ज्या थंड प्रदेशांत निबिड अरण्यें आहेत व सरळ वाढलेलीं झाडें हवीं तितकीं मिळतात, तेथील रीत याच्या उलट. तेथें खांब नसतात. ओंडके आडवे एकावर एक रचावयाचे आणि चारही भिंतींचे ओंडके कोपऱ्यांत एकमेकांत अडकवावयाचे. भार वाहते ती सबंध भिंत. आपल्याच हिमाचल प्रदेशांत देवदाराच्या तुळया व दगड यांचे आलटून पालटून थर देऊन भिंती रचितात. तिला तिकडे काठकुणी म्हणतात. ती रीत या कुळाच्या जवळची आहे.

झाडें हिंवाळ्यांत तोडावीं, कारण त्या वेळीं त्यांच्यांत रस कमी असतो व लांकूड सावकाश आणि कमी भेगा पडून वाळतें. साल काढून टाकावी. नाहीं तर तिच्याखालीं ओल धरते व किडे घर करितात. घाईचें घर असेल तर ओंडके गोलच ठेवितात. टिकाऊ हवें असेल तर रुंद पात्याच्या कुऱ्हाडीनें त्यांच्या दोन बाजू तासून सपाट करितात. घराची लांबीरुंदी सोळा, अठरा, वीस फूट एवढीच ठेवण्याचा प्रघात असे. त्याहून लांब ओंडका चारपांच माणसांस उचलत नाहीं, व तो बुंध्याकडे जाड आणि शेंड्याकडे बारीक असल्यामुळें भिंतीचा थरही सरळ राहत नाहीं.

चार कोपऱ्यांस मोठे दगड ठेवून त्यांवर पायाचे ओंडके बसवावयाचे. हे सर्वांत जाड व लवकर न कुजणाऱ्या जातीचे निवडतात. केंटकीकडे पांढरा ओक किंवा चेस्टनट. त्यावर एकेक थर चढत जातो. कोपऱ्यांतील खांच हें या कामांतील खरें कौशल्य. कोणी खालच्या ओंडक्यावर वरचा ओंडका खोगिरासारखा बसेल अशी अर्धगोल खांच घेतात; कोणी खालच्या ओंडक्याचें टोंक दुपाखी छपरासारखें तासून वरच्यास तशीच उलटी खांच पाडितात; कोणी टोंकाशीं रुंद व आंत अरुंद अशी तिरकी खांच घालून ओंडके असे अडकवितात कीं ते ओढूनही निघूं नयेत. प्रकार कोणताही असो, पाणी खांचेंत न साठतां बाहेर निथळावें हें त्यांतलें मर्म. खांच घालण्याची रीत घराण्याघराण्यांतून व वसाहतीवसाहतींतून चालत येते. जुन्या कागदाचा जाणता जसा वळणावरून दफ्तर ओळखतो, तसा या घरांचा जाणता खांचेवरून बांधणाऱ्याची परंपरा ओळखतो.

ओंडक्यांमधील फटींत लांकडाच्या चिपा किंवा दगडाचे तुकडे ठोकून त्यावर गवत अथवा केंस मिसळलेल्या मातीचा लेप देतात. दार व खिडकी अगोदर ठेवीत नाहींत. बहुधा भिंत चढल्यावर ती करवतीनें कापून काढितात व कापलेलीं टोंकें चौकटीस मेखांनीं जखडितात. छपरावर ओकच्या फाडलेल्या फळ्या. भुई मातीची, किंवा मधोमध चिरलेल्या ओंडक्यांची. आढ्याच्या बाजूच्या भिंतीस लागून धुराडें. तें दगडाचें, आणि दगड नसल्यास काठ्यांचें, आंतून मातीनें लिंपलेलें. शेजारी जमले म्हणजे भिंती एका दिवसांत उभ्या राहत. लोखंडाचा खिळा एकही न वापरतां असें घर होऊं शके. ज्याच्याजवळ कुऱ्हाड होती व ज्याला शेजार होता, त्याला अरण्यांत निवारा होता.

(३)

घर एका दिवसांत उभें राहिलें तरी तें टिकविण्याचें काम कधींच संपत नाहीं. लांकडास भय उन्हाचें किंवा वयाचें नसून न वाळणाऱ्या ओलीचें. लांकूड भिजलें आणि वाळलें तर शतकानुशतकें राहतें. भिजलें आणि भिजलेलेंच राहिलें तर थोड्या वर्षांत त्याचा भुगा होतो. म्हणून छपराची पाखी भिंतीच्या बाहेर चांगली पुढें आलेली हवी. पायाचा ओंडका जमिनीपासून उंच हवा, खालून वारा खेळावयास हवा, व भिंतीच्या कडेस साठणारा पालापाचोळा दर वर्षीं ओढून काढावयास हवा. ओंडका वाळतांना त्यास उभी भेग पडते. ती वरच्या अंगास असली तर तिच्यांत पावसाचें पाणी साठतें, खालच्या अंगास असली तर अपाय नाहीं. ओंडके वाळून आकसतात, भिंत थोडी खचते, मातीचा लेप सुटतो; तो पुन्हां पुन्हां द्यावा लागतो. धुराड्यांतील माती झडली तर काठ्या पेट घेतात. छपराच्या फळ्या तर बदलण्यासाठींच असतात.

इतकें केलें तरी पायाचे ओंडके सर्वांत आधीं जातात, कारण शिंतोडे उडतात ते त्यांवर व जमिनीची ओल चढते ती त्यांत. मग सबंध घर टेकूंवर उचलून कुजका ओंडका काढावयाचा व तेथें नवा सारावयाचा. हें अशा घराचें वैगुण्य नव्हे. हेंच त्याचें बळ. त्याचा कोणताही अवयव निराळा काढतां येतो. परंतु याचाच अर्थ असा कीं, शंभर वर्षें नांदत्या राहिलेल्या घरांत पाया, छप्पर, भुई, लेप, धुराडें यांपैकीं मूळचें कांहीं उरलेलें असेलच असें नाहीं. उरलेच तर भिंतीच्या मधल्या थरांतले ओंडके.

आणखी एक गुण असा कीं, हें घर उकलून, गाड्यांवर घालून, दुसरीकडे पुन्हां जोडतां येतें. त्यासाठीं प्रत्येक ओंडक्यावर त्याची भिंत व थर यांची खूण करावी लागते. न केल्यास घर जुळत नाहीं, किंवा जुळतें तें निराळेंच जुळतें. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत मूर्तीसाठीं लांकूड आणावयास वनांत जाण्याचा एक स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. तेथें असें सांगितलें आहे कीं, वृक्षाची जी दिशा व जो ऊर्ध्वभाग, तोच मूर्तीचाही राहावयास हवा. म्हणून झाडावर अगोदर दिशांच्या व वरखालच्या खुणा कराव्या. त्याचा हेतु धार्मिक होता. पण लांकूड जागचें हललें कीं त्याची ओळख केवळ खुणेवर राहते, हें व्यावहारिक तत्त्व त्यांत आहेच. पुढील हकीकतींत त्याची प्रचीति येईल.

(४)

ही रीत फार प्राचीन आहे. रोमन स्थपति व्हिट्रुव्हियस यानें इ. स. पूर्वीं पहिल्या शतकांत लिहिलेल्या ग्रंथांत काळ्या समुद्राकांठच्या कोल्खियन लोकांविषयीं सांगितलें आहे कीं, ते सबंध झाडें आडवीं, एकमेकांस छेदून रचितात व फटी चिपा आणि चिखल यांनीं भरितात. त्याहून पुष्कळ पूर्वींचा पुरावा जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत सांपडला. तेथील नवाश्मयुगीन विहिरींच्या आंतील ओकचीं लांकडें कोपऱ्यांत खांचा घालून जोडलेलीं आहेत, व तीं इ. स. पूर्वीं ५४६९ ते ५०९८ या काळांत तोडलेल्या झाडांचीं असल्याचें २०१२ सालीं प्रसिद्ध झालें.

अमेरिकेंत मात्र ती युरोपियन वसाहतवाल्यांनींच नेली. त्यांतही इंग्रजांनीं नव्हे. १६०७ सालीं जेम्सटाउन येथें व १६२० सालीं प्लिमथ येथें उतरलेले इंग्रज आपल्या देशांतल्याप्रमाणें खांबांच्या सांगाड्याचीं घरें बांधीत. ओंडक्यांचें घर तिकडे नेलें तें १६३८ पासून डेलावेअर नदीकांठीं वसलेल्या स्वीड व फिन लोकांनीं. पुढें जर्मन वसाहतवाल्यांनींही आपली रीत आणली, आणि अरण्याच्या कडेनें पश्चिमेकडे सरकणाऱ्या सर्वच लोकांनीं ती उचलली. असें असतां एकोणिसाव्या शतकांतील चित्रांतून व पुस्तकांतून प्लिमथचे पहिले इंग्रजही ओंडक्यांच्या झोंपड्यांतच दाखविले जात. हा समज निराधार असल्याचें हॅरल्ड शर्टलेफ यानें साधार दाखविलें. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १९३९ सालीं प्रसिद्ध झाला.

खोटा समज रुजावयास भूमि तयार असावी लागते. ती १८४० सालच्या अध्यक्षाच्या निवडणुकींत तयार झाली. विल्यम हेन्री हॅरिसन या उमेदवारास ‘यास झोंपडी व सफरचंदाची दारू मिळाली म्हणजे पुरे’ अशा अर्थाचा टोमणा विरुद्ध पक्षाच्या पत्रानें मारला. हॅरिसनच्या पक्षानें तो टोमणाच निशाणावर घेतला. मिरवणुकींतून झोंपड्या निघाल्या, सभा झोंपड्यांत भरल्या. वास्तविक हॅरिसनचा जन्म व्हर्जिनियांतील एका सधन जमीनदाराच्या विटांच्या वाड्यांत झालेला. तरी तो निवडून आला. तेव्हांपासून ओंडक्यांची झोंपडी म्हणजे गरिबींतून स्वकर्तृत्वानें वर आल्याची खूण, असा संकेत त्या देशांत रूढ झाला. लिंकनच्या बाबतींत तो संकेत खराही होता. आणि जेथें भाव खरा असतो तेथेंच खोटी वस्तु सहज खपते.

(५)

लिंकनचा बाप टॉमस यानें १८०८ च्या डिसेंबरांत हॉजनव्हिलजवळचें तें शेत घेतलें. दोन महिन्यांनीं मुलगा झाला. जमिनीच्या हक्काबद्दल तंटा उपस्थित होऊन १८११ सालीं कुटुंबानें तें शेत सोडलें. मूल त्या वेळीं दोन वर्षांचें होतें. लिंकन अध्यक्ष झाला १८६१ सालीं. मधल्या पन्नास वर्षांत त्या घराकडे कोणीं लक्ष द्यावें असें कांहीं कारण नव्हतें. हीं पन्नास वर्षें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं.

१८९४ सालीं न्यूयॉर्कचा एक धनिक, आल्फ्रेड डेनेट, यानें तें शेत विकत घेतलें. त्यावर तेव्हां ती झोंपडी नव्हती. जवळच्या दुसऱ्या शेतावर ओंडक्यांचें एक घर होतें. त्यांतील ओंडके मूळ लिंकनच्या झोंपडीचे असून ते तिकडे नेले होते, असें सांगण्यांत आलें. डेनेटनें तें घर घेतलें, व त्यांतील ओंडक्यांची झोंपडी लिंकनच्या शेतावर उभी करविली. पुढें ती उकलून १८९७ सालीं टेनेसी संस्थानाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनांत नॅशव्हिल येथें मांडली. शेजारींच दुसरी एक झोंपडी मांडलेली होती. ती, यादवी युद्धांत लिंकनच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या दक्षिणेकडील संस्थानांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस, याच्या जन्माची म्हणून. १९०१ सालीं बफेलोच्या प्रदर्शनांत दोन्ही गेल्या. त्यानंतर ओंडके न्यूयॉर्कजवळ पडून राहिले. या ठेवण्याउचलण्यांत दोन्ही झोंपड्यांचे ओंडके एकमेकांत मिसळले. युद्धांत ज्यांचे पक्ष एकमेकांचे शत्रु होते, त्यांच्या नांवाचीं लांकडें अशा रीतीनें एका ढिगांत आलीं.

१९०५ सालीं शेत लिलांवांत निघालें, तें एका प्रसिद्ध साप्ताहिकाचा मालक रॉबर्ट कॉलियर यानें घेतलें. १९०६ सालीं ‘लिंकन फार्म असोसिएशन’ ही संस्था निघाली. तिच्यांत मार्क ट्वेनसारखे नामांकित लोक होते. संस्थेनें ओंडके विकत घेतले, व ते अस्सल असल्याबद्दल त्या भागांतील लोकांच्या शपथेवरच्या जबान्या मिळविल्या. एक लाखाहून अधिक लोकांनीं वर्गणी दिली. १९०९ सालीं, लिंकनच्या जन्मास शंभर वर्षें झालीं त्या दिवशीं, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याच्या हस्तें पाया घातला गेला, आणि १९११ च्या नोव्हेंबरांत अध्यक्ष टाफ्ट याच्या हस्तें मंदिराचें उद्घाटन झालें. स्थपति जॉन रसेल पोप. लिंकनच्या आयुष्याच्या ५६ वर्षांच्या ५६ पायऱ्या. गाभाऱ्यांत झोंपडी मावली, पण भोंवतीं फिरावयास जागा अपुरी पडूं लागली; म्हणून ओंडके कापून झोंपडीच लहान केली. सोळा फूट रुंद व अठरा फूट लांब होती ती सुमारें बारा व सतरा फुटांची झाली. १९१६ सालीं हें सर्व सरकारच्या ताब्यांत गेलें.

शंका पूर्वींपासून होत्या. खुद्द लिंकनचा मुलगा रॉबर्ट याचाच या झोंपडीवर विश्वास नव्हता. परंतु कागदोपत्रीं नीट छाननी झाली ती १९४८ सालीं. रॉय हेज यानें लिंकनविषयक एका त्रैमासिकांत लेख लिहून ओंडक्यांची परंपरा मागें मागें तपासली, व ती लिंकनपर्यंत पोंचत नाहीं असें दाखविलें. आणि २००४ सालीं प्रत्यक्ष लांकडाचीच साक्ष काढण्यांत आली.

(६)

ही साक्ष कशी काढितात तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. ज्या प्रदेशांत हिंवाळा कडक असतो तेथें झाड दर वर्षीं एक वलय वाढतें. पाऊसपाणी चांगलें झालेल्या वर्षाचें वलय रुंद, अवर्षणाचें अरुंद. एका प्रदेशांतील सर्व झाडांवर त्या त्या वर्षाचा परिणाम सारखा होतो. म्हणून रुंद व अरुंद वलयांचा क्रम जुळवीत आजच्या झाडावरून जुन्या तुळईपर्यंत, व तीवरून आणखी जुन्या तुळईपर्यंत मागें जातां येतें. या शास्त्राचा पाया अमेरिकन ज्योतिषी ए. ई. डग्लस यानें घातला. १९२९ सालीं ऍरिझोनांतील एका जळक्या तुळईनें त्याच्या मालिकेंतील तुटलेला दुवा जुळला. सालीच्या लगतचें शेवटचें वलय हातीं आलें तर झाड तोडल्याचें वर्षच कळतें. तें तासून गेलें असेल तर ‘या वर्षाच्या पूर्वीं तोडलेलें नव्हे’ एवढें तरी निश्चित सांगतां येतें. आपल्या पोथ्यांत पुष्पिका शेवटीं असते. झाडाची पुष्पिका सालीखालीं असते.

या परीक्षेंत झोंपडींतला सर्वांत जुना ओंडकाही १८४८ सालचा ठरला. म्हणजे लिंकन पाळण्यांत होता तेव्हां हा ओंडका अरण्यांत उभा होता, किंवा त्याचें बीजही रुजलेलें नव्हतें. आतां येथें मागें सांगितलेली टिकविण्याची रीत उपयोगी पडते. एकदोन ओंडके नवे निघाले असते तर त्यावरून कांहींच सिद्ध झालें नसतें. जुन्या घरांत नवे ओंडके असावयाचेच. उलट एकच ओंडका १८०८ च्या पूर्वींचा निघता, तरी ‘वारंवार दुरुस्त केलेलें मूळ घर’ हा पक्ष उभा राहूं शकला असता. पण सर्वांत जुनाच १८४८ चा. तेव्हां दुरुस्तीची सबबही उरली नाहीं.

मग शपथेवर सांगणारे खोटें बोलले काय? तसें मानण्याचें कारण नाहीं. १८६० च्या सुमारास एक जुनाट घर त्यांनीं किंवा त्यांच्या वडिलांनीं पाहिलें असेल, व तें लिंकनचें म्हणून ऐकलें असेल. तेवढें त्यांनीं सांगितलें. परंतु १८६० सालीं पाहिलेलें घर १८०९ सालचेंच होतें, हें त्यांना कसें कळावें? मधल्या पन्नास वर्षांचा साक्षी कोणीच नव्हता. न्यायशास्त्रांत आप्तवाक्य प्रमाण मानलें आहे. पण आप्त कोण, तर ज्यास तो विषय यथार्थ माहीत आहे व जो तसाच सांगतो. दुसरें लक्षण असून पहिलें नसेल, तर मनुष्य सत्यवादी ठरतो, प्रमाण ठरत नाहीं. साक्षी प्रामाणिक असूनही साक्ष निरुपयोगी असूं शकते, हा या प्रकरणांतील आपल्या कामाचा पहिला धडा. आपल्याकडील किती वस्तु ‘आमच्या आजोबांनीं सांगितलें’ एवढ्याच आधारावर थोर पुरुषांच्या नांवें दाखविल्या जातात, याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

(७)

याच कुटुंबाच्या दुसऱ्या एका झोंपडीची गोष्ट याहून उद्बोधक आहे. टॉमस लिंकन पुढें इलिनॉय संस्थानांत गेला. तेथें कोल्स जिल्ह्यांत त्याची ओंडक्यांची झोंपडी होती, व १८५१ सालीं तो तींतच वारला. या झोंपडीविषयीं संशय नव्हता. ती मूळ जागीं उभी होती व तिचीं छायाचित्रें घेतलेलीं होतीं. १८९३ सालच्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनासाठीं ती उकलून नेली, आणि प्रदर्शन संपल्यावर ती कोठें गेली याचा पत्ता लागला नाहीं. अस्सल होती ती बेपत्ता झाली, आणि जी अस्सल नव्हती तिला ग्रॅनाइटचें मंदिर मिळालें. पुढें १९३५ च्या सुमारास मूळ जागीं छायाचित्रें व माहितगारांचीं निवेदनें यांच्या आधारें नवी झोंपडी बांधली, व ती नवी म्हणूनच दाखवितात. केंटकींतील झोंपडीसही आतां जन्मझोंपडीचें प्रतीक म्हणतात. मंदिर पाडलें नाहीं, झोंपडी हलविली नाहीं. फक्त पाटी बदलली. माझ्या मतें हेंच योग्य झालें. लाखावर लोकांनीं जी वर्गणी दिली ती लिंकनसाठीं दिली, ओंडक्यांसाठीं नव्हे; आणि ती झोंपडी १९०६ सालच्या श्रद्धेचा अस्सल पुरावा आहेच.

लांकूड बदललें म्हणजे वस्तु खोटी झाली, असें मात्र कोणीं समजूं नये. पुरीच्या जगन्नाथाच्या काष्ठमूर्ति ठराविक अधिक आषाढांत नव्या होतात. १९९६ सालीं झाल्या, २०१५ सालीं झाल्या. म्हणून कोणी त्यांस नकली म्हणत नाहीं, कारण तेथें बदल विधिपूर्वक व सर्वांच्या माहितीनें होतो आणि परंपरा अखंड राहते. कुजका ओंडका काढून नवा घालणारा शेतकरीही हेंच करितो. दोष बदलण्यांत नाहीं. बदल लपविण्यांत किंवा त्याची नोंद न ठेवण्यांत आहे.

हा दोष मी दुसऱ्यांवर ठेवीत नाहीं. सुमारें तीस वर्षांपूर्वीं माझ्या घरच्या अमरकोशाच्या पोथीचें शेवटचें पान कसरीनें चाळणीसारखें झालें होतें. मी मोठ्या भक्तीनें त्याची सुवाच्य प्रत केली, ती पोथींत घातली आणि जुनें पान नदींत सोडलें. पुढें एका अभ्यासकानें पुष्पिकेंतील शकाचा तिसरा आंकडा एकाचा कीं सातांचा असें विचारलें, तेव्हां माझ्याजवळ दाखवावयास माझ्याच अक्षराखेरीज कांहीं नव्हतें. मी सातांचा वाचला होता, एवढें मी सांगूं शकलों. तो सातांचा होता असें मी सांगूं शकलों नाहीं. साठ वर्षांचें अंतर माझ्या हातानें अनिर्णीत झालें.

म्हणून संग्राहकांस विनंती इतकीच. जें बदलावें लागेल तें अवश्य बदलावें. पण काय बदललें, केव्हां बदललें व कोणीं बदललें हें त्याच वस्तूबरोबर लिहून ठेवावें. काढलेला तुकडा कितीही निकामी दिसला तरी टाकूं नये. कोणतीही वस्तु जागची हलविण्यापूर्वीं तिच्या अवयवांवर खुणा कराव्या. आणि परंपरा सांगणारास प्रथम हें विचारावें, कीं मधल्या वर्षांत ती कोणीं पाहिली.

माझ्या हातचें तें पान मी आतां पोथींतून काढून निराळ्या कागदांत गुंडाळलें आहे, व तें माझें असल्याचें त्यावर लिहिलें आहे. पोथीच्या शेवटीं एका पानाची जागा मोकळी आहे. ती मोकळीच राहूं द्यावी, असें मीं घरांत सांगून ठेविलें आहे.